झिराखाली

अवदिया,
तू लेकीच्या बाळंतपणाला पोर्ट सुदानला गेलीस
आणि तिसऱ्याच दिवशी तुझी करडी कोंबडी खुडूक झाली.
मे महिना, आणि आपलं अतबारा.
शहाण्या कोंबड्या या दिवसांत अंगणसुद्धा उकरत नाहीत,
हिने संसार मांडला.

जागा बघ कुठली शोधली:
पाण्याच्या झिराखाली, तिवईच्या पायांत,
जिथे मातीच्या पोटातून थेंब पाझरून
जमीन दिवसभर काळी राहते.
मी पाणी घ्यायला वाकलो की पोटरीला चोच.
चाळीस वर्षं सिग्नल सांभाळले,
माझा हात वर झाल्याशिवाय मालगाडी हलली नाही,
आता स्वतःच्या घरात पाणी प्यायला परवानगी लागते.

फोनवर म्हणालीस, अंडी मोज. अकरा.
म्हणालीस, तारीख लिहून ठेव.
कोळशाने भिंतीवर लिहिली,
पुढे एकवीस रेघांना जागा सोडली.
वेळापत्रक म्हटलं की माझा हात सरळ चालतो.
म्हणालीस, ओल जवळ असू दे, अंड्यांना लागू देऊ नकोस.
घरटं चार बोटं सरकवलं,
पश्चिमेला पोतं भिजवून बांधलं,
सार्डिनच्या डब्यात पाणी तिच्या तोंडाशी.
पहाटेच्या अजानीला एकदाच उठायची,
ज्वारीचे चार दाणे, एक भलीमोठी विष्ठा,
आणि धावत परत, जणू गाडी सुटतेय.

तेराव्या रेघेला पारा सत्तेचाळीसवर गेला.
चोच उघडी, गळा लटलटतोय,
पंख अंगापासून दूर,
ओले कपडे दोन्ही काखांत धरून चालावं तसे.
आणि भर दुपारी ती उठली.
मला वाटलं, सोडलं हिने.
मी मनातल्या मनात तुला द्यायचं उत्तरही तयार केलं.
पण ती गेली नाही.
अंड्यांवर पाय फाकवून उभी राहिली,
पंख अर्धे उघडे,
खाली हललेली सावली पुन्हा पुन्हा नीट करत.
ऊब आज आयतीच मिळत होती, गरजेपेक्षा जास्त.
तेरा दिवस ऊब द्यायला बसलेली
आता ऊब अडवायला उभी होती.
मी स्टूल आणला, पश्चिमेच्या बाजूला बसलो.
माझी सावली तिच्यावर पडली.
तिने एकदा टोचलं, सवयीने.
अस्रच्या नमाजापर्यंत आम्ही दोघे
एकमेकांकडे न बघता तसेच.

मग हबूब आलं. टोपली, टोपलीवर पोतं, पोत्यावर हात,
दात वाळूने करकरत होते.
त्या दिवशीची रेघ वाकडी आलीय.

पिल्लं विसाव्याच दिवशी फुटली.
एक दिवस आधी!
माझ्या सगळ्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं,
वादी हाल्फाची गाडी तर दीड दिवस उशिरा आली
तरी आम्ही वेळेवर म्हणायचो.
आठ निघाली.
दोन अंडी मुकी राहिली.
एकातून चोच बाहेर आली आणि थांबली.
मी बोट ओलं करून कवच भिजवत राहिलो, रात्रभर.
सकाळी लिंबाच्या झाडाखाली पुरलं.
हे फोनवर सांगितलं नाही.
तेव्हा तुम्ही इस्पितळात होता.

आता बशीत पाणी ठेवतो, त्यात खडे घालतो,
म्हणजे बुडायला जागा नाही, चोचीपुरती आहे.
घार दिसली की ती एकच आवाज काढते
आणि आठही जण तिच्यात शिरतात.
कोंबडी मात्र तेवढीच दिसते.
मी बऱ्याचदा बघितलंय. हिशेब लागत नाही.

काल रात्री सांगितलंस, मुलगी झाली.
विचारलंस, तिकडे उकाडा कसा आहे?
मी म्हटलं, चालायचंच.
विचारलंस, आणि माझी करडी?
मी फोन तिवईखाली धरला.
तुझ्या बाजूने बाळ रडत होतं,
माझ्या बाजूने पिसांतून चिवचिव.
लाईन खराब होती.
बराच वेळ आपण दोघांनीही फोन कानाला लावला नाही.

येशील तेव्हा बाजारातून नवा झीर बघून ये.
जुना पूर्वीसारखा पाझरत नाही, गार होत नाही.
पण घाई नाही.
त्याखाली अजून बसतात.